दिवेलागणीला घरी नसणारे फुवा

मरणाला चकवण्याचा खटाटोप पुष्कळांनी केला असेल, पण मरण आपल्या घरी यावे आणि आपण शेजारी चहा पीत बसावे, इतका सोपा उपाय आमच्या फुवांखेरीज कुणाला सुचला नसेल. फुवा म्हणजे आमच्या फुईचे, आत्याचे, यजमान. तापीकाठच्या प्रकाशा गावात त्यांची केळीची बाग होती आणि मोहाच्या दारूशी जुनी सोयरीक. ती मोडेपर्यंत लिव्हर निबर झाले होते. रक्ताची पहिली उलटी झाली तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, की आतल्या शिरा फुगल्या आहेत, पुन्हा फुटू शकतात. अशा रोग्यांना हा त्रास बहुधा सकाळी नाहीतर दिवेलागणीला होतो, तेव्हा त्या वेळी जपा.

फुवा जपू लागले ते आपल्या रीतीने. त्या वेळी घरी सापडायचेच नाही. उजाडायच्या आत ते तापीच्या घाटावर जात आणि दिवेलागणीला आमच्या ओट्यावर. निघताना ‘रनाळ्याला चाललो’ असे मोठ्याने सांगत, म्हणजे उलटीची दिशाभूल व्हावी. फुईलाही ताकीद होती, कुणीही विचारो, रनाळेच सांगायचे. एकदा रनाळ्याचे व्याहीच भेटायला आले. फुईने सवयीने सांगितले, ते तुमच्याकडेच गेलेत. बिचारे आल्या बैलगाडीने परत फिरले. माझे वडील एकदा वैतागून म्हणाले, दाजी, दुखणे तुमच्या पोटात आहे, घरात नाही. फुवांनी शांतपणे बशीत चहा ओतला.

“उलटी मन्हा घर जाई. मी आठे तुमना ओटावर शे, हाई तिले कोन सांगी?”

आणि उलटी पुन्हा झाली नव्हती, हेही खरेच.

मग धाकट्या मुलीचे लग्न ठरले आणि मुहूर्त निघाला नेमका गोरज. फुवांचे तोंड उतरले. भरदुपारचा मुहूर्त काढा म्हणून त्यांनी भटजींना गळ घातली, भटजी ऐकेनात. तेव्हा कन्यादान माझ्या वडिलांनी करावे आणि आपण घाटावर बसावे, असा तोडगा त्यांनी काढला. पोरगी हळदच लावून घेईना. शेवटी फुवा मांडवात बसले. गुरे परतली, धूळ उडाली, दिवे लागले. पाणी सोडताना त्यांचे लक्ष दिव्यांकडे होते, निम्मे पाणी भटजींच्या धोतरावर गेले. आम्ही सगळे फुवांच्या तोंडाकडे बघत होतो. नवरदेवाकडे बघायला कुणी उरलेच नव्हते. काहीही झाले नाही. फुवा हसले आणि मग मुलीला धरून खूप रडले.

त्यानंतर ते संध्याकाळी आमच्याकडे येईनासे झाले. वडिलांनी विचारले तर म्हणाले, “आते येऊ दे उलटीले. मन्हं काम व्हई गयं.”

त्यानंतर ते एक उन्हाळा जगले. दिवेलागणीला फुवा आणि फुई दोघे आपल्या ओट्यावर बसलेले दिसायचे. फुवांवर मी आयुष्यभर हसलो, पण ते गेल्यावर फुई आईला जे म्हणाली ते आठवले की हसू येत नाही.

“इतलं वरीस तुमना ओटावर बठनात. मन्हा वाटाले त्या एक उन्हाळान्याज सांजा उन्यात.”