अर्धं बोट जास्त

घरात तिला उसवणबाई म्हणत. लाडानं म्हणतात, असं ती बाहेर सांगे, पण सासूबाईंनी ते नाव ठेवलं तेव्हा त्यात लाड बेताचाच होता. नव्या सुनेनं एका साध्या पाऊचला चार वेळा चेन लावली आणि चारही वेळा अर्ध्या ब्लेडनं उसवली. "हिचा हात शिवायला कमी आणि उसवायला जास्त चालतो," सासूबाई म्हणाल्या. झालं, नाव चिकटलं ते अकरा वर्षं सुटलं नाही. नवरा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचं लग्न टिकलंय, कारण त्याला टाके नाहीत."

सासूबाई म्हणजे पिशव्यांच्या कामातलं बडं प्रस्थ. पुढच्या खोलीत खिडकीजवळ मशीन आणि मशीनच्या वर एक खिळा. त्या खिळ्याला सुतळीत ओवलेले, कापड बेतायचे पस्तीस नमुने लटकत, सगळे बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेले: डब्याची पिशवी, खांद्यावरची, चष्म्याचं पाऊच, काय हवं ते. मनगट दुखायला लागल्यावर सासूबाईंनी मशीन सुनेच्या हवाली केलं. खिळा मात्र स्वतःकडे ठेवला. नमुन्यात तसूभर फरक केलेला त्यांना खपत नसे, आणि तसा फरक करायची कुणाची छातीही नव्हती.

एके दिवशी घरोघर सायकलवरून फिरणाऱ्या नर्सबाई आल्या. त्यांच्या पिशवीच्या तळातून पावसाचं पाणी शिरायचं, पट्ट्या आणि औषधं भिजायची. बोटीवर कामाला असलेल्या भावानं त्यांना मेण चढवलेल्या जाड कॅनव्हासचा तुकडा आणून दिला होता. एकाच पिशवीपुरता. "मावशी, परत मिळायचं नाही हे कापड," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंनी कापडाच्या अगदी कडेला सुई टोचून काढली आणि सुनेला भोक दाखवलं. साध्या कापडात सुईचं भोक मिटतं, यात ते जन्मभर राहतं. "बघ बाई. इथे उसवायची सोय नाही."

पण सुनेनं आपल्या स्वभावाला धरूनच काम सुरू केलं. जुन्या जाड चादरीच्या दोन घड्या करून सासूबाईंच्या नमुन्यावरून आधी कच्ची पिशवी शिवली. तळाचा कोपरा ओढला गेला. उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा ओढला गेला. आठव्यांदा उसवताना ती ब्लेड हातात धरून थांबली. पातळ कापडात हाच कोपरा कसा गुमान बसायचा, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. जाड कापडाला वळायलाच जास्त जागा लागत होती. चूक तिच्या हाताची नव्हती, नमुन्याची होती.

हे सासूबाईंना सांगायचं कुणी? तिनं सांगितलं नाही. दुपारी त्या आडव्या झाल्यावर तिनं कागदावर नवा नमुना काढला, कोपऱ्याला अर्धं बोट जास्त देऊन, आणि चादरीवर तो बसतो हे पाहून घेतलं. मग कॅनव्हासवर कात्री चालवली. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, आणि सगळी पिशवी एका दमात, एकही टाका न उसवता शिवली. शेवटी शिवणींवर मेणबत्ती घासली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या पिशवीला ब्लेडचं काम पडलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी पिशवी उलटी केली. त्या नेहमी आतूनच बघत, बाहेरून कुणीही देखणं शिवतं म्हणून. बोट फिरत फिरत तळाच्या कोपऱ्याशी आलं आणि थांबलं.

"हा कोपरा माझा नाही."

"नाही," सून म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही. "जाड कापडाला तुमचा पुरत नाही, आई. आठ वेळा करून पाहिलं."

सासूबाईंनी पिशवी सुलटी केली, टेबलावर ठेवली आणि जेवायला बसल्या.

सकाळी नर्सबाईंनी पिशवीत वर्तमानपत्र कोंबलं, तोंड बंद केलं आणि पिशवी नळाखाली धरली. एक ते शंभर आकडे मोजले. वर्तमानपत्र बाहेर काढलं तर कोरडं ठणठणीत. "मावशी, मानलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "हा हात आणि हा नमुना दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

सासूबाई ताठ बसल्या. "हात हिचा आहे. आणि नमुनाही हिचाच. माझ्या नमुन्यानं कापलं असतं तर तुमचं कापड वाया गेलं असतं."

सून दारात उभी होती. तिचा ऊर भरून आला आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

नर्सबाई गेल्यावर सासूबाईंनी सुतळी सोडून त्याच पिशवीचा आपला पुठ्ठ्याचा नमुना काढला. सुनेला वाटलं, आता त्या तो जपून पेटीत ठेवतील. त्यांनी कात्री घेतली. मनगट साथ देत नव्हतं, तरी मदत घेतली नाही. पुठ्ठ्याचे दोन तुकडे झाले.

"आई, अहो, पातळ कापडाला चालला असता की."

"पातळ कापडाला तुझाही चालेल. हा राहिला तर उद्या कुणीतरी याच्यावरूनच कापेल," सासूबाई म्हणाल्या. "आण तुझा कागद. आधी पुठ्ठ्यावर उतरव, कागद फाटतो."

तिनं उतरवला. सासूबाईंनी त्याला भोक स्वतः पाडलं, तो सुतळीत ओवला आणि खिळ्यावर सगळ्या नमुन्यांच्या पुढे टांगला.