एका चाकावरच्या वन्सं

थकवा नावाची काही गोष्ट जगात असते, हे आमच्या वन्संना कुणी सांगितलेलंच नसावं. त्यांच्या वाटणीचा सगळा थकवा मला आला आहे, आणि गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी तो बसमधून नाशिकहून देवळाली कॅम्पला घेऊन जाते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, वयाने माझ्याहून चार वर्षं मोठी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, उंच, हडकुळी, आणि हातात घेतलेलं काम शेवटापर्यंत नेणारी. त्यांनी विणकाम धरलं तेव्हा आमच्या मिक्सरलासुद्धा लोकरीचं झबलं आलं. होमिओपॅथीची पुस्तकं वाचायला घेतली तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी जीभ दाखवावी लागायची. हे सगळे उद्योग घरात बसून करायचे होते, कारण माझ्या सासूबाई बारा वर्षं त्यांच्याकडे अंथरुणाला खिळून होत्या. शाळा आणि आईची खोली, याखेरीज तिसरी जागा वन्संना ठाऊक नव्हती.

सासूबाई गेल्या, आणि दोनच महिन्यांनी शेजारच्या लष्करी कुटुंबाची बदली झाली. त्या लोकांचं सामान बांधणं म्हणजे अर्धं वाटून टाकणं. त्यांनी वन्संना एक तुळस, दोन पडदे आणि एक चाक दिलं. चाकावर उभा दांडा, दांड्यावर सीट, खाली दोन पायडल. हँडल नाही, ब्रेक नाही. "साहबने एक दिन चलाया, फिर आठ दिन लेटे रहे," असं त्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. वन्संनी ते चाक आईच्या रिकाम्या पलंगाला टेकवून ठेवलं, चार दिवस त्याच्याकडे बघितलं, आणि पाचव्या दिवशी मला फोन केला.

"वहिनी, रविवारी खांदा द्यायला या."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "कुणाला?" मी विचारलं.

"मला," त्या म्हणाल्या. "भिंतीचा आधार एकाच बाजूने मिळतो."

त्यांच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी रविवारी सकाळी मैदान वापरायला दिलं. तिथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मी, अशा वन्सं शिकल्या. पाठ ताठ, नजर लांब, सगळं वजन सीटवर, पायडल मारणं थांबवायचं नाही. हे नियम त्यांनी वहीत लिहून काढले होते आणि मलाही पाठ करायला लावले, जणू मीच वर बसणार होते. त्याच वहीत दर रविवारची नोंद असायची. "आज भिंत सोडून चार हात गेले. एकोणीस वेळा उतरले." पडले हा शब्द त्या वहीत कुठेही नाही. माझ्या खांद्यावर त्यांची पाच बोटं उमटायची आणि बुधवारपर्यंत फणी धरायला हात वर जात नसे. "तुम्ही का दमता?" त्या खरोखरच्या नवलाने विचारायच्या. "चालवते तर मी."

तीन महिन्यांनी माझा खांदा सुटला, पण माझी सुटका झाली नाही. वन्सं आता दूध आणायला, पोस्टात, बाजारात, सगळीकडे चाकावरून जाऊ लागल्या. त्यावर एका जागी थांबता येत नाही, म्हणून त्या भाजीवाल्या मावशींच्या पाटीभोवती फिरत राहायच्या. एका फेरीत मेथी ताजी आहे का विचारायच्या, दुसऱ्या फेरीत उत्तर ऐकायच्या. "मॅडम, एक जागी ऱ्हावा ना, मला गरगरतंय," मावशी म्हणायच्या. मी पिशवी घेऊन मागून चालत यायची आणि मेथी घ्यायची. बसमध्ये अनोळखी माणसंही मला विचारू लागली, "काय हो, तुमच्या नणंदबाईंचं दुसरं चाक सापडलं का?" सुरुवातीला मी हसायची. मग नुसती मान हलवायची. पुढे पुढे मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करू लागले, आणि बऱ्याचदा खरीच झोप लागायची.

मग एका नव्या गतिरोधकाने घात केला. मनगट मोडलं, प्लास्टर झालं. माझा नवरा तातडीने देवळालीला आला आणि दारातूनच म्हणाला, "बास झालं आता. या वयात हाडं मोडून घेशील. ते चाक मी घेऊन जातो."

वन्सं डाव्या हाताने चहा ओतत होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "दादा, आईला बारा वर्षं मी एकटी उचलून बसवत होते. तेव्हा माझ्या हाडांची आठवण तुला झाली नाही."

सासूबाईंना बघायला आम्ही महिन्यातून एकदा जायचो, सफरचंदं घेऊन. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आमचे हे नाशिक येईपर्यंत बाहेर बघत बसले. पुढच्या रविवारी मात्र माझ्याआधी तयार झाले. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी झालेली, त्यामुळे स्वतःचे पाने घेऊन आले, ओट्यावर बसून त्यांनी त्या चाकाचा एकेक नट आवळला, सीटला जाड रबर लावलं आणि हात धुवून म्हणाले, "आता बघ."

त्या दिवशी मी वन्संना विचारलंच, "यात असं आहे तरी काय?"

"वहिनी, शाळेत शिकवतानाही माझे कान आईच्या खोलीत असायचे. ती गेली तरी ते तिथून निघेनात. याच्यावर बसलं की दुसरा विचार करताच येत नाही. केला की उतरावं लागतं. तेवढा वेळ कान माझे असतात."

आता मैदानावर वन्संकडे सहाजण शिकायला येतात; एक निवृत्त सुभेदार, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, बाकीच्या कॉलनीतल्या बायका. ते एकमेकांना धरतात. माझं काही काम उरलेलं नाही, तरी मी जाते आणि पायरीवर बसून राहते. परवाच्या रविवारी वन्सं माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "वहिनी, बघता का बसून?"

"गुडघे दुखतात हो," मी म्हणाले. दुखतातच.

त्या पुढे गेल्या. मैदानाला वळसा घालून पुन्हा माझ्यासमोर येईपर्यंत मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि पदर खोचला होता. त्या आल्या, माझ्याकडे बघून छान हसल्या, आणि काही न विचारता पुढे निघून गेल्या.