आमच्या गच्चीवरची विहीण

विसाव्या वर्षी मी जेवढी पत्रकं लिहिली तेवढी प्रेमपत्रं लिहिली असती, तर आईचं टेन्शन निदान कारणी लागलं असतं. हुंडा, रेशन, पाणी, बसथांबा, विषय द्या आणि एका बैठकीत मजकूर घ्या. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. छापखानेवाले काका म्हणायचे, "ताई, चिन्हं संपली. आता पूर्णविराम चालतील का?"

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ऐरोलीतली आमची सोसायटी नवीकोरी होती. तिथे ख्रिस्ती घर आमचं एकच, बाकी सगळी साताऱ्याकडची आणि कोकणातली मंडळी. आमच्या चर्चला अजून इमारत नव्हती. उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची, पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून.

नाताळच्या आधी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: कामवाल्या बायकांनी जिन्यात बसू नये, पाणी पिण्यासाठी स्वतःचं भांडं आणावं. खाली सेक्रेटरींची सही, पण डोकं त्यांच्या बायकोचं, हे सगळ्यांना ठाऊक. माझं टाळकंच फिरलं. जिने धुणारी मावशी रस्त्यापलीकडच्या गावातली. आमची बिल्डिंग उभी होती तिथे पूर्वी तिच्या सासऱ्याचं भात पिकायचं. आणि आता घोटभर पाण्यासाठी तिनं भांडं आणायचं? त्याच दुपारी पत्रक तयार झालं. मथळा, 'शेजारी कोणाला म्हणता?' खाली ख्रिस्त, समता, जाहीर धिक्कार, सगळं.

मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून जिन्यात उभं राहून मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. झाडू भिंतीला टेकवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरा लिवलंस," ती म्हणाली. "पन तुमच्या घरान पन माझा कप येगला हाय ना?"

"आमच्याकडे? शक्यच नाही!"

"खिडकीन. कान नाय त्याला."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. खिडकीत, भांडी घासायच्या पावडरीशेजारी, कान तुटलेला कप. त्यातून तिला चहा मीच कितीदा दिला होता.

"अगं, तो तिचाच..." आई म्हणाली आणि आपली आपणच थांबली. मग सगळा राग माझ्यावर निघाला. "पत्रकं काय वाटत बसलीयेस? पत्रकं कुणी खातं का? जेवायला बोलव सगळ्यांना. मावशीला पण. एका पंगतीत!"

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना कल्पना फार आवडली. "नाताळनंतरच्या रविवारी आपलं प्रीतिभोजन असतंच. यंदा ते तुमच्या गच्चीवर घेऊ. फक्त निमंत्रण लहान लिही. आणि धिक्कार नको."

मी मन मारून लिहिलं: 'प्रीतिभोजन. रविवारी दुपारी एक वाजता, गच्चीवर. सहकुटुंब यावे. आपले नम्र', आणि खाली दोन नावं, आमच्या तरुण संघाच्या अध्यक्षाचं आणि माझं. प्रीतिभोजन म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांनी भावाबहिणींसारखं एकत्र बसून जेवायचं. मी हा शब्द पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. तो कुणाला समजावून सांगावा लागेल, हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात एकच घोर, मावशी पंगतीला बसेल का.

"येते. पन मी मागशी जेवन."

"तू मागून जेवलीस तर मी जेवणारच नाही!"

"मंग ऱ्हा उपाशी."

रविवारी एक वाजता गच्चीचं दार उघडलं आणि आत शिरल्या काठापदराच्या साड्या, गजरे, सेंटचा भपकारा. सगळ्यांत पुढे सेक्रेटरीकाकू, हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. मागे स्टीलचे डबे, लेमन सेट, नारळ, ब्लाउजपीस. काकूंनी माझा गालगुच्चा घेतला.

"गुपचूप उरकलंस हं! आणि हातावर मेंदी पण नाही?"

"काय उरकलं?"

"लग्न गं! दोघांची नावं छापलीत, वर प्रीती लिहिलंय. आम्हाला काय कळत नाही?"

जिलेब्यांची परात घेऊन येणारा आमचा अध्यक्ष जागच्या जागी थिजला. हा बिचारा मीटिंगमध्ये माझ्यासमोर तोंड उघडायला घाबरायचा. तळमजल्यावरच्या काकांनी त्याला परातीसकट मिठी मारली, "या जावईबापू!" पाळकसाहेब चष्मा काढून टाकीच्या कठड्यावर बसले, हसून हसून त्यांना उभंच राहवेना. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर आईनं चिमटा काढला. "आधी जेवू दे त्यांना."

तेवढ्यात मावशी आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात फुलं, गळ्यात सोनं. आईशेजारी उभी राहिली. काकूंनी पाहिलं आणि लगबगीनं पुढे झाल्या.

"या विहीणबाई! उभ्या काय अशा?" हाताला धरून त्यांनी मावशीला पंगतीच्या मधोमध बसवलं. दोन वर्षं ही बाई त्यांच्या दारासमोरचा जिना धूत होती! काकूंनी कधी बादलीच्या वर नजरच नेली नव्हती!

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं तिच्यापुढे पत्रावळ मांडली.

पाळकसाहेबांनी जेवणाची प्रार्थना केली. 'आमेन' म्हटल्याबरोबर एका आजोबांनी खिशातून अक्षता काढून माझ्या डोक्यावर टाकल्या. मग पुऱ्या, भाजी, मसालेभात. काकू स्वतः पदर खोचून जिलेबी वाढायला निघाल्या, आणि विहिणीच्या मानाला जागून मावशीपुढे आधी.

"एक माझ्याकडून, विहीणबाई. नाही म्हणायचं नाही."

"बस झाला, वयनी."

हा आवाज रोज सकाळी जिन्यातून यायचा, 'वयनी, पायपुसना उचला, पानी टाकते.' काकूंचा हात हवेतच राहिला. जिलेबीतून पाक ठिबकत होता. त्यांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी पहिल्यांदाच. मावशी आता उठेल, या भीतीनं मी तिच्याकडे सरकले.

मावशीनं पत्रावळ पुढे सरकवली. "थांबलाव कशाला? विहीन नाय मी. पन जिलेबी तर वाढा."

काकू लालबुंद झाल्या. मग त्यांच्या तोंडून 'फुस्स' असा काहीतरी आवाज निघाला, आणि त्या इतक्या हसायला लागल्या की परात मला धरावी लागली. त्यांनी मावशीच्या पत्रावळीवर एक सोडून दोन जिलेब्या टाकल्या. "सरक जरा," म्हणाल्या आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसून माझ्याकडे वळल्या.

"आता आम्हाला पण वाढ की गं, नवरी!"