केळीतले काटेराव

दापोऱ्याच्या शिवारात माझ्याएवढा धीट माणूस अजून जन्मला नाही. जन्मले असतीलही, पण ते स्वतःच्या तोंडाने सांगत नाहीत. मला ती लाज नाही, एवढाच फरक. साप तर मी दोरीसारखा उचलतो. मेलेला. आणि काठीने.

तर अशा या धीट माणसाने केळीकटाईच्या अख्ख्या टोळीसमोर चिखलात आडवं पडून नवस केला. कोणापुढे? तेच तर सांगायला बसलो आहे. आधी चहा ओता, कोरड्या घशाने आपली फजिती सांगता येत नाही.

सुरुवात झाली टीव्हीपासून. माझी नात निकू बऱ्हाणपुरात कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आली की टीव्हीला एक डबा जोडते, हातात बटणांचा ठोकळा धरते आणि जेवणाची हाक येईपर्यंत राक्षस मारते. मी चौथीत शाळा सोडली (शाळा म्हणते, शाळेने मला सोडलं), पण राक्षस मारायला कितवी पास लागते? म्हटलं, आण इकडे तो ठोकळा.

"आबा, तुमच्याने नाही होणार. इतना ईझी नहीं है."

"अगं, मी रानडुकरं हाकललेला माणूस!"

पडद्यावर माझा गडी उभा. धिप्पाड, अंगात चिलखत, हातात ही लांब तलवार. आणि समोरच्या गवतातून काय आलं? गुडघ्याएवढं जनावर! गोल गरगरीत, फणसाला दोन पाय फुटावेत तसं. अंगभर सुयाच सुया, त्यांच्या आत दोन डोळे दिव्यासारखे.

"हे तर चिल्लर आहे," मी म्हणालो आणि मारली त्याच्यावर उडी.

माझा गडी मेला.

"आबा! काट्यांवर कोणी उडी मारतं का?"

निकूने गडी पुन्हा जिवंत केला. या वेळी मी शहाणपणा केला, सरळ पळ काढला. तर त्या जनावराने पाय पोटात घेतले, गोळा झालं आणि आलं की गडगडत मागे! गडी पुन्हा मेला.

"पळायचं नाही ना, आबा! पळालं की ते लोळत येतं. जागेवर उभं राहायचं, और पास आया तो पलटा देना. पोट मऊ असतं त्याचं."

त्याचं नाव इंग्रजीत होतं, माझ्या कवळीला ते पेलेना. मी आपलं काटेराव म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो! निकू म्हणते, खेळातलं हे सगळ्यात हलकं जनावर, पावलोपावली भेटतं, कोणी मोजत नाही त्याला. पण तुम्ही बघा तरी! अंगावर बोट टेकवायला जागा नाही. ज्याने कोणी हे घडवलं, त्याने शेवटचा काटा लावून झाल्यावर आपला हात कुठून काढून घेतला असेल? एक मेला की दुसरा येतो, तितक्याच ऐटीत, जणू मागच्याची बातमीच त्याला कोणी कळवली नाही. मोठे राक्षस गर्जना करतात, नाचतात, आग ओकतात. हा काही बोलत नाही. नुसता येतो.

एवढं नवल पाहिल्यावर माणसाने ते मनात ठेवावं? माझ्या मनात जागा कमी आणि तोंडात जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर गुलाब भेटला. गुलाब म्हणजे आमच्या कटाईच्या टोळीचा मुकादम. मिशा कोतवालासारख्या, पण पालीला पाहून बाकावर चढतो. असा माणूस समोर बसलेला असताना मी गप्प राहणार? पाप लागेल!

"गुलाबभाऊ, उद्या आमच्या बागेत कटाई ना? जरा जपून."

"काहून हो, आबा?"

"काही नाही. नाल्याच्या अंगाला एक जनावर दिसलं."

"डुक्कर असेल."

"डुकराला काटे असतात का?"

"मग साळिंदर."

"साळिंदर दोन पायांवर चालतं का?"

गुलाबची बशी ओठांशीच थांबली. मग काय, मी त्याला सगळं सांगितलं. गोल आहे, बोलत नाही, पळालं की गोळा होऊन मागे येतं. टीव्हीचं तेवढं सांगायचं राहून गेलं. घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

पण संध्याकाळी टपरीवर गेलो तर गोष्ट माझ्याआधी गावभर फिरून आली होती, आणि चांगली अंगात भरून! धूलकोटला म्हणे एक नाही, जोडी आहे, आणि जोडीने एक बकरी फस्त केली. इच्छापूरचा एक बाप्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "देवीच्या टेकडीखाली मी स्वतः पाह्यलं. डोळे ट्रॅक्टरच्या लाइटासारखे!"

मी हसलो. मग हसायचा थांबलो. डोळ्यांचं तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं! मग याला कुठून कळलं? पाहिल्याशिवाय? येताना बागेच्या कडेने आलो तर दोन-तीन केळींच्या बुंध्याशी माती उकरलेली. डुकरंच असणार. दरवर्षी डुकरंच असतात. तरी मी पाय उचलून जरा घाईने चाललो. मीच पेरलेलं, मलाच उगवून आलं.

दुसऱ्या दिवशी टोळी आली आणि बांधावर बसली. आत जायला कोणी तयार नाही.

"आमच्या बायकांनी सांगेल आहे, बागेत पाय टाकू नका," गुलाब म्हणाला.

आता केळीवाल्याला विचारा याचा अर्थ काय. घड भरून फुटायला आलेले. व्यापाऱ्याची गाडी संध्याकाळी लागणार. माल तयार दिसला नाही की गाडी दुसऱ्याच्या बागेकडे वळते, आणि आपला वर्षभराचा घाम बकऱ्यांनी खायचा.

निकूची आजी, म्हणजे आमची घरधनीण, बांधावर आली. माझ्याकडे बघतच राहिली.

"हे तुम्हीच पेरलं ना?"

"मी? छे!"

"तोंड नाही म्हणतं आणि मिशा हसून राहिल्या. घड तुमची थट्टा संपायची वाट नाही पाहणार, सांगून ठेवते!" पदर खोचून ती तरातरा निघून गेली. मला वाटलं, रागावून घरी गेली.

दुपार उतरू लागली तसा माझा धीर सुटला. शेवटी गुलाबपुढे हात जोडले. "अरे बाबा, थट्टा केली मी! टीव्हीतलं जनावर होतं ते. निकूला विचार."

"आबा," गुलाब समजुतीच्या सुरात म्हणाला, "माल वाचवायला तुम्ही आता खोटं बोलून राहिले."

बघा! आयुष्यभर थापा मारल्या, त्या सगळ्या खपल्या. एकदा खरं बोललो, ते कोणी घेईना.

"काहीच नाही ना आत?" गुलाब म्हणाला. "मग तुम्ही जा. नाल्यापर्यंत जाऊन या. तुम्ही आले की आम्ही येतो."

आता मघाशी सांगितलेला तो धीटपणा आठवा. सगळी टोळी बघत होती. गेलो.

भरलेल्या केळीत कधी एकटे गेला आहात? बाहेर ऊन आणि आत संध्याकाळ. डोक्यावर पानांचं छप्पर, दोन्ही बाजूंनी माणसाएवढे घड लोंबलेले, वाळक्या पानांची आपली आपणच कुजबुज. माझी बाग, माझ्या हाताने लावलेली, आणि मी तिच्यात पाहुण्यासारखा घसा खाकरत चाललो होतो. नाल्याचा बांध दिसला. म्हटलं, झालं, आता माघारी फिरावं.

तेवढ्यात बांधावर ते वर आलं.

गोल. दोन पायांवर. तोंड नाही, मान नाही, नुसते काटे! मागे कलता सूर्य आणि एकेका पांढऱ्या काट्याच्या टोकाला ऊन लागलेलं. आणि आतून धापेचा आवाज, हूंऽ, हूंऽ. भीती नंतर वाटली. देवाशपथ, आधी वाटलं, काय हे रूप! टीव्हीत गुडघ्याएवढं होतं, इथे पुरुषभर. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

निकूने सांगितलं होतं, पळायचं नाही. उभं राहायचं, जवळ आलं की उलटवायचं. सगळं आठवलं. आठवत आठवतच मी किंचाळून पळालो.

आणि मागे आवाज आला. गडगड, गडगड. ते गोळा होऊन येत होतं!

ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि मी चिखलात पालथा. मागून धोतरात असंख्य सुया घुसल्या. संपलं! डोळे मिटले आणि ओरडलो, "आई इच्छादेवी, सोडव! कोणाची थट्टा करणार नाही! तंबाखू सोडतो! निकूच्या आजीला जन्मात उलट उत्तर देणार नाही, ती म्हणेल ती पूर्व!"

गडगड थांबली. जरा वेळाने एक डोळा उघडला, तर नाकासमोर दोन पाय. पायांत जोडवी. काटेरावांना जोडवी नसतात, एवढं मला खेळातून ठाऊक होतं. म्हणजे देवीच आली! मी त्या पायांवर कपाळ टेकलं, चांगलं घट्ट टेकलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

वर पाहिलं तर निकूची आजी. डोक्यावर गोणपाट, कपाळावर घाम. ती घरी गेलीच नव्हती! टोळी आत येईना म्हणून रिकामी न बसता, डुकरांनी पाडलेलं कुंपण बुजवायला पलीकडून बाभळीच्या काट्यांचा भारा घेऊन आली होती. मी किंचाळलो, ती दचकली, भारा निसटला आणि बांधावरून गडगडत थेट माझ्या धोतरात.

आणि माझी किंकाळी ऐकून भित्री टोळी कोयते घेऊन मला वाचवायला धावत आली होती. माणसं चांगली. पण नवस त्यांनी पहिल्या शब्दापासून ऐकला होता. गुलाब हसून हसून खाली बसला.

"चला रे!" डोळे पुसत तो ओरडला. "आपल्या काकूच जनावर आहेत, घाबरायचं कशाला! गाडी यायची वेळ झाली!"

खटाखट कोयते चालू झाले. पहिले घड खांद्यांवर चढून बाहेर निघाले. मी तसाच चिखलात, मागे काटे, समोर बायको. तोंडावर एक झकास उत्तर आलं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. तिने बाहेर चाललेल्या घडांकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे पाहिलं, आणि एक पाय पुढे केला.

"पायाशी आलेच आहेत, तर टाचेतला काटा काढा. आणि तोंड उघडू नका, नवस बोलले ना आताच!"