सोयीचे आईबाप

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. म्हणजे पगार तासाच्या हिशेबाने आणि मान त्याहून कमी. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचा पेपर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, कारण कायम नोकरीतल्या बाईंना तो आवडत नाही. प्रेम, वर्ग आणि अब्रू असे शब्द फळ्यावर लिहायचे, खाली रेघ ओढायची आणि बोलायला सुरुवात करायची. मुलं मुकाट उतरवून घेतात. परीक्षेत तोच प्रश्न येतो आणि सगळ्यांचं उत्तरही तेच येतं, त्यामुळे पेपर तपासायला फारसा त्रास पडत नाही.

या कादंबऱ्यांतली एक गोष्ट मात्र मी फळ्यावर लिहीत नाही. गरीब नायिकेला मोठ्या घरात सून म्हणून जायचं असेल, तर तिचे आईबाप मेलेले असलेले बरे. बहुतेकदा ते पहिलं प्रकरण सुरू व्हायच्या आतच आटोपलेले असतात. ही लेखकाची सोय असते. जिवंत बाप म्हटला की तो लग्नाला येणार, नको ते कपडे घालणार, मोठ्याने बोलणार, भुरके मारत जेवणार. मेलेला बाप कसा गप्प राहतो. मग शेवटी कुठून तरी एखादा खानदानी मामा उगवतो, पोरगी मुळात चांगल्या घरातलीच होती असं ठरतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

माझ्या ताईला हा असला शेवट फार आवडायचा. मी एम.ए. करत होते तेव्हा संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी ओट्याला टेकून तिला गोष्टी सांगायचे. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती विचारायची, "मामा निघाला का गं?" निघाला म्हटलं की खूश. ती हुशार होती, परीक्षा देऊन बँकेत लागली. आमच्या दोघींत देखणीही तीच. हे मी जळून लिहीत नाही, आरशात बघून लिहिते.

आमचे पप्पा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. सोलापूरकराला चावीवाला म्हणजे कोण ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, की आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी रस्त्यातला व्हॉल्व्ह लांबलचक लोखंडी चावीने जो माणूस उघडतो तो चावीवाला. पप्पांकडे शुक्रवार पेठ होती. पेठेतले व्यापारी फोनवर त्यांना "मालक, मालक" करायचे आणि चहा मात्र पायरीवरच द्यायचे, कागदी कपात. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. याहून जास्त ओळख द्यायची मला गरज वाटत नाही. लोक दारातून आत डोकावताना पहिली भिंतच बघतात.

ताईचं बँकेतल्याच एकाशी जमलं. मुलगा माळशिरसकडचा. बागायती शेती, ऊस, बंगला, दारात दोन गाड्या. प्रेम खरं होतं, हे मला मान्य करावं लागतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. तिला टायफॉइड झाला तेव्हा तो रोज मऊ भाताचा डबा घेऊन दवाखान्यात यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा पप्पांच्या पाया पडला. पप्पा इतके दचकले की मागे सरकताना टीपॉयला धडकले. तो गेल्यावर बराच वेळ ते आपल्या पायांकडेच बघत बसले होते.

मग त्याची आई आली. गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबवून गल्लीतून चालत आली. अंगावर भारी साडी, हातात पाण्याची बाटली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाली, "बाहेरचं पानी बाधतंय मला." आणि आपल्या बाटलीतलं प्यायली. अख्ख्या पेठेला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या घरात बसून ती हे म्हणाली. बाई वाईट नव्हती. वाईट बायका आरडाओरडा करतात आणि निघून जातात. ही शांतपणे बसली आणि तोडगा घेऊन आली होती.

"पोरगी चांगली हाय, आमचं काय म्हणनं न्हाय," ती म्हणाली. "पन गावात सांगायचं काय? भावकी तोंडात शेण घालंल. माझा भाऊ हाय, त्याला मूलबाळ न्हाय. तो पदरात घेतो हिला. कन्यादान त्योच करंल, पत्रिकेत नावं बी त्येंचीच. मामाची पोरगी म्हनल्यावर कोन तोंड उघडतंय?"

खरंच कोणी उघडणार नव्हतं. मामाची मुलगी करणं म्हणजे आमच्याकडे अगदी रीतीतलं स्थळ. पण मामाला मूल नाही हे गावाला माहीत, मग त्यासाठी पुढची गोष्ट रचली होती. मुलगी मामीच्या लांबच्या बहिणीची. आईबाप लहानपणीच गेले. मामीने हॉस्टेलला ठेवून शिकवली. बाईने हे सगळं इतकं बैजवार मांडलं, की माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला कथानक इतकं नीट सांगता आलं नसतं. इंग्रजी कादंबरीत पोरकीला शेवटी मामा मिळतो. इथे मामा आधीच तयार होता, फक्त पोरगी पोरकी करून घ्यायची राहिली होती.

आईने विचारलं, "आमी कशानं गेलो?"

बाई जरा घुटमळली. "अपघात म्हनून सांगितलंय. अक्कलकोटला दर्शनाला निगाल्ते, जीप पलटी झाली."

"दर्शनाला?" पप्पा म्हणाले. "आमी कवा दर्शनाला गेलो?"

यावर कोणी हसलं नाही. मी हसले, आणि ताईने माझ्याकडे असं पाहिलं की हसू घशातच राहिलं. मग ती पप्पांच्या पायाशी बसली. "एका दिवसाचं नाटक हाय, पप्पा. एकदा लग्न होऊ द्या. वर्षभरात मी सगळ्यांना सांगते. तुमचा मान तुम्हाला देते. माझ्यावर भरवसा न्हाय का?"

सगळं अडलं होतं ते एवढ्यावरच. हे नाटक एका दिवसाचं आहे की जन्माचं. मी म्हणाले, जन्माचं. आईने ताईच्या लग्नासाठी पांढरी साडी घेऊन ठेवली होती, आमच्यात नवरी पांढरीच नेसते, ती तिने कपाटात वरच्या कप्प्यात सारली. पप्पा म्हणाले, "एक दिवस काय, निगून जाईल. आमी मागं बसतो की." मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. माणसाने इतकं समजूतदार असू नये. समजूतदार माणसाला मारायला मारेकरी लागत नाही, विनंती पुरते.

कोर्टात सही करताना खरं नाव चाललं, कारण कोर्टात गावातलं कोणी येत नाही. खरं लग्न माळशिरसला झालं. मोठा मांडव, एलईडी पडदा, डोक्यावरून घोंघावणारा ड्रोन. आम्हाला मानाने बोलावलं होतं. मी हॉस्टेलवरची मैत्रीण आणि आई-पप्पा म्हणजे मैत्रिणीचे आईवडील. ही युक्ती ताईचीच. म्हणजे निदान कोणाचे तरी आईवडील म्हणून ते मांडवात बसू शकत होते. आम्हाला तिने बजावलं होतं की चारचौघांत ती पप्पांना काका म्हणेल, मनावर घ्यायचं नाही.

मामा-मामी चौरंगावर बसले. मामीच्या डोळ्याला पदर लागला. उत्तम रडली बाई. खोटं रडताना माणूस जास्त नीट रडतो, नाक लाल होत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तशा आईने अक्षता फेकल्या. आम्ही शेवटच्या रांगेत होतो, त्या पुढच्या बाईच्या अंबाड्यात जाऊन पडल्या. बाईने वळून रागाने पाहिलं. आईने हात जोडले.

एवढ्यावर दिवस निभावला असता. पण नवऱ्याकडच्यांनी लग्नाचा बस्ता शुक्रवार पेठेत बांधला होता आणि त्या कापडदुकानदाराला आग्रहाने बोलावलं होतं. ते आमच्या जातीचे नाहीत, गावचे नाहीत, पण पप्पांना अंधारातही ओळखतील. जेवणाच्या मांडवात त्यांनी पप्पांना गाठलंच.

"मालक! तुम्ही इकडं कुठं?" ते आनंदाने ओरडले. आणि मग लग्नात जो तो विचारतो तेच विचारलं, "मुलाकडचे का मुलीकडचे?"

मला वाटलं, आता सांगतील. जीभ रेटणारच नाही खोटं बोलायला. मैत्रिणीचे वडील म्हणून जे पाठ केलं होतं तेही ते विसरले. मागे नवऱ्याची आई वाढप्यांना हाका मारत उभी होती, तिचा हात हवेतच थांबला. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टँकरवाल्यासंगं आलोय. पान्याचं बघायला."

"म्हणजे इथंही पाणी तुमच्याकडंच!" दुकानदार हसले. "मग आमच्या पंगतीला जरा गार पाठवा की."

आणि पप्पा उठले. नवा शर्ट, परीटघडीची पँट, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. जगमधून ग्लासात पाणी ओतत ते अख्खी पंगत फिरले. कोणी "इकडं" म्हणालं की इकडं, कोणी "ओ पाणीवाले" म्हणालं की तिकडं. वाढायची हौस आल्यासारखे फिरत होते. त्याच पंगतीत वरच्या टोकाला नवरा-नवरी बसलेले होते, समोर रांगोळी, उदबत्ती. पप्पा तिथे पोचले. ताईचा ग्लास रिकामा होता. त्यांनी भरला. ताईने ग्लासावर नजर ठेवली, वर पाहिलं नाही. दाजींनी मात्र पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला, मान खाली गेली, आणि मग तो घास त्यांनी खाल्ला. त्या माणसाच्या प्रेमाची लांबी मला तेव्हा कळली. दवाखान्याच्या डब्यापासून निघून ती त्या घासापर्यंत पोचत होती, पुढे नाही.

त्या संध्याकाळी परतताना गाडीत मला ताईचा मेसेज आला, "पप्पांनी किती छान सांभाळून घेतलं. त्यांना सांग." मी सांगितलं. पप्पा म्हणाले, "मग? जमतंय की आपल्याला." आई खिडकीतून ऊस बघत होती.

नंतरच्या वर्गात मी अब्रूवर बोलत असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही मोठी माणसं अब्रूला एवढी का घाबरतात?" मी सांगितलं की ती घाबरत नाहीत, अब्रू सांभाळण्याचा खर्च दुसऱ्याच्या घरातून वसूल करतात. तिने ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत हेही मी तिला सांगून टाकलं.

वर्ष गेलं. कोणाला काही सांगितलं गेलं नाही. आधी दाजींच्या आजीची तब्येत नाजूक होती, मग धाकट्या नणंदेचं स्थळ बघत होते, मग भावकीतल्या एकाची निवडणूक होती. दर वेळी कारण खरं होतं, हीच पंचाईत. ताई फोन करायची, बँकेतून, जेवणाच्या सुट्टीत. घरून कधीच नाही.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आईने मधली खोली रिकामी केली, जुनी बाज विणून घेतली, डिंक, खारीक, खोबरं आणून ठेवलं. पप्पांनी दाराला नवी कडी लावली. मी गप्प बसले, कारण मला दिसत होतं ते त्यांनाही दिसत असणार असं मी धरून चालले होते. त्यांना खरंच दिसत नव्हतं. रीत आहे म्हटल्यावर ताई येणारच, असं ते दोघं समजून होते. ताई माहेरी गेली. मामाच्या घरी. गावाने मामीच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले आणि वाहवा केली.

शेवटी काहीतरी गुंतागुंत झाली म्हणून तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. दाजींनी मला फोन केला की दुपारी सगळे जेवायला बाहेर जातील, तेव्हा या. त्यांनी हे चांगुलपणानेच केलं, त्यांचा सगळा चांगुलपणा असाच चोरून असतो.

आम्ही गेलो. खोलीत ताई एकटी होती. मामी नव्हती, सासू नव्हती, नर्स नव्हती, दाजी खाली दारावर राखण करत उभे होते. दार मी स्वतः लावून घेतलं. आईने बाळ उचललं. पप्पा दाराजवळच उभे राहिले, हात धुतलेले नाहीत म्हणून पुढे येईनात. ताई उशीला टेकून बसली होती, फिकटलेली, पण चेहऱ्यावर फार सुख होतं. तिने पप्पांकडे पाहून खुर्चीकडे हात केला. किती प्रेमाने बोलली ते मी ऐकलंय, त्यात खोट काढता येणार नाही.

"उभे का, काका?" ती म्हणाली. "बसा की."

खोलीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. चूक झाली असं तिच्या चेहऱ्यावर आलं नाही, कारण तिला ती कळलीच नाही. आईने बाळ घट्ट धरलं. पप्पा म्हणाले, "व्हय, बसतो," आणि पाव्हण्यासारखे खुर्चीच्या काठावर बसले.