पडद्यावरचा हात

भंगारवाल्याला द्यायच्या आधी जुना टीव्ही एकदा लावून पाहिला. हात पडद्याजवळ नेताच मनगटावरचे केस उभे राहिले आणि उरणच्या घरातला तो रविवार आठवला.

कोटातला अमेरिकन पाद्री हिंदी डबिंगमध्ये सांगत होता, "पडद्यावर हात ठेवा, बरे व्हाल." बाबांच्या घशात गाठ होती. त्यांनी टीव्हीवरचा एकवीरा आईचा फोटो बाजूला केला आणि तळवा टेकला.

"मुंग्या आल्या गो पोरी! देवानं हात धरला माझा."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला मुंबईला जायचं होतं. ते गेलेच नाहीत. शिमग्याला आवाज गेला, पावसाळ्यात बाबा.

पडद्यावर वीज साठते, हे मी त्याच आठवड्यात शाळेत शिकले होते. त्यांचा उजळलेला चेहरा पाहून गप्प बसले.

आज मीही तळवा टेकला. मुंग्या अजून येतात.