डालग्याखालचं मांजर

केवळाबाईची सारी जिंदगी मेंढरांच्या मागं चालन्यात गेली. ताडकळसात तिचं घर हाय, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. पन त्या घरात ती पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, की रायभान पुढं, मेंढरं मधी आन् केवळाबाई मागं. ज्याच्या वावरात मेंढरं बसतील तिथंच तिची चूल. बाया म्हनायच्या, अगं, घरात टेकावं की जरा. ती म्हनायची, घरात टेकलं की माझे पाय दुखतेत.

यंदाची गोष्ट मातर येगळी होती. सून दीपिका पोटुशी. तिला आई न्हाई, म्हनून बाळतपन सासरीच करायचं ठरलेलं. शिवरात्रीच्या पुढं दिवस भरायचे होते. एकदा नातवंड मांडीवर आलं की केवळाबाई उंबऱ्याच्या आत गेली ती गेलीच, मग कोन सोडतंय? म्हनून तिनं नवऱ्याला आधीच सांगितलं, "हे दोन-तीन महिने मला पोटभर चालू द्या. मंग म्हनताल तिथं बसते."

"चाल की," रायभान म्हनला. "तुला कोन धरलंय?"

मेंढरं चुडाव्याकडं न्यायची होती. पीठमीठ बांधून झालं. आन् निघायच्या आदल्या दिवशी पोरानं, बबलूनं, बाजारातून येताना गल्लीतल्या मांजरावर मोटरसायकल घातली.

मांजर कुनाचंच नव्हतं. चार घरचं खायचं, कुठंबी झोपायचं. ते मेलं न्हाई. मागचा पाय वडत नालीत शिरलं आन् असं वरडायलं की दीपिका दारात मटकन खाली बसली. शेजारची नर्मदाबाई धावत आली. "बबलू, मांजराची हत्या लय वंगाळ रे बाबा. सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतंय. त्यात तुझ्या घरात पोटुशी बाई."

"सोनं तुमी देताव का उसनं?" बबलू म्हनला. पन तोंड त्याचंबी उतरलं होतं.

दीपिका जेवंना. मांजर मेलं तर माझ्या लेकराला काई होईल, येवढंच तिचं चालू. मंग सकाळी मेंढरं गेली एकीकडं, रायभान आन् एका गड्यासंगं, आन् केवळाबाई पोत्यात मांजर घेऊन परभनीला, जनावरांच्या दवाखान्यात. जाताना नवऱ्याला म्हनली, "दोन दिसांत येते मागनं."

डाक्टरीनबाईनं फोटो काढला. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा मोडलेला. आपरेशन करून तो गोळाच काढून टाकला.

"मंग पाय फिरनार कशावर?" केवळाबाईनं इचारलं.

"मांसावर, आजी. भोवतीचं मांस धरतं, पाय चालतो. फक्त उड्या मारू देऊ नका, लहान जागेत ठेवा. आणि पाय आखडू द्यायचा नाही. थोडं दुखणं कमी झालं की रोज हातानं पुढं-मागं करायचा."

घरी लहान जागा कुठली? कोकरं झाकायचं बांबूचं डालगं होतं. त्याच्याखाली गोधडी आथरून मांजर ठेवलं, वर दगड. टाके चाटू नये म्हनून गळ्यात नरसाळ्यावानी प्लास्टिक. डालग्याच्या फटीतून ते केवळाबाईकडं टकमका बघायचं. दीपिकाला वाकायला येईना, बबलू ट्रॅक्टरवर. डालगं उचला, औषध पाजा, घानीचं राखंचं घमेलं बदला, सारं केवळाबाईच्याच मागं. औषध पाजलं की ते तिच्याच लुगड्यावर थुंकायचं.

आता बघा, मेंढराचा पाय मोडला तर धनगराची बाई काय करती? हळद लावती, बांबूच्या चार कामट्या लावती, चिंधीनं करकचून बांधती. केवळाबाईनं असे किती पाय बसवले असतील. तिला वाटलं, डाक्टरीन सांगती ते शहरातलं. आत हाडाचा गोळाच न्हाई, आन् पाय असा लोंबता ठेवला तर धरनार कसा? आन् धरायला उशीर झाला तर आपन जायचं कवा? तिनं कामट्या बांधल्या. मांजर गप पडून राहिलं. तिला बरं वाटलं, पिशवी भरून ठेवली.

टाके काढायला गेले तवा डाक्टरीनबाईनं चिंधी सोडली. पाय निसता लाकूड.

"हे कुणी बांधलं?"

बबलू म्हनला, "आमच्यात असंच बांधतेत म्याडम."

"मोडलेलं हाड जुळायला बांधतात. इथं जुळायचं काय आहे? तो हलला तरच चालेल. आता आखडलाय, जास्त दिवस लागतील."

"किती?" केवळाबाईनं इचारलं.

"ते तुमच्या हातात आहे, आजी."

मंग खरं अडकनं सुरू झालं. गरम पान्याच्या फडक्यानं शेकायचं, मांडी धरून पाय पुढं घ्यायचा, मागं घ्यायचा. मांजर चावायचं. केवळाबाईच्या मनगटावर दात, बोटावर नखं. झालं की परत डालगं. ते आत बसायचं, ही बाहीर. रस्त्यानं कुनाची मेंढरं गेली की हिची मान आपोआप दाराकडं वळायची.

एकदा तिनं नर्मदाबाईला लय गळ घातली. "बाई, मी चुडाव्याला जाऊन येते. तू येवढं बघ."

"मला चावलं म्हंजी? तुमच्या घरची हत्या, तुमीच सांभाळा."

"अगं, मेलं कुठंय ते?"

"तेच तर. मेलेलं नसतंय म्हनूनच सांभाळावं लागतंय."

सांजच्याला रायभानचा फोन यायचा. आज तूर काढलेल्या वावरात बसलोत, पांढऱ्या कानाची मेंढी व्याली, दोन हायत. केवळाबाई म्हनायची, "फोन त्यांच्याजवळ धरा जरा." आन् नुसतं बँ-बँ ऐकत बसायची. दीपिका भिताडाला टेकून बघायची. एक दिस म्हनली, "आत्या, माझ्यापायी अडकलाव तुमी."

"तुझ्यापायी न्हाई. माझ्या कामट्यांपायी," केवळाबाई म्हनली.

शिवरात्र जवळ आली. पाय आधी जरासा वाकला, मंग जमिनीला टेकला. मंग एका दुपारी पाय शेकायला डालगं उचललं तर मांजर निसटलं, लंगडत-लंगडत वट्यावर चढलं आन् दीपिकासाठी ठेवलेलं सुकट घेऊन कोपऱ्यात बसलं. दीपिका पोट धरून हासली. बबलूनं दवाखान्यात फोन लावला. डाक्टरीन म्हनली, सोडा आता.

केवळाबाईनं डालगं उचलून भिताडाला लावलं आन् लगीच रायभानला फोन केला. "उद्या येते मी."

"आता कशाला? हिकडं चारा सरला. मेंढरं वळवलीत गावाकडं. परवा घरीच हावत."

केवळाबाईनं भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

तिसऱ्या दिशी सकाळी बबलूला म्हनली, "मला मेंढराच्या वाटंवर सोड. जिथं दिसतील तिथं."

"माय, येत्यालच की ते दारात."

"सोड म्हनलं ना."

गाव सोडून जराच पुढं गेले तर धुरळा दिसला. केवळाबाई गाडीवरनं उतरली, कळपाच्या मागं गेली, चालायला लागली. इतके दिस बसून तिचे गुडघे धरले होते. सगळ्यात मागच्या मेंढीच्याबी मागं पडायली. रायभान थांबला. "बबलूच्या मागं बस की."

"न्हाई."

"पाय धरलेत तुझे."

"हालले की सुटतेल." थोडं पुढं गेल्यावर तिनं इचारलं, "गाव किती राहिलंय?"

"किती म्हंजी? ते काय, दिसायलंय की."

"मंग हळू हाका," केवळाबाई म्हनली.